ब्रे गावचे जॉइस

१३ जून २००६. बेलफास्टच्या स्टॉरमॉन्ट मैदानावर आयर्लंड आपला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळत होता, समोर इंग्लंड. त्या सामन्याचं गुणपत्रक काढून पाहा. इंग्लंडच्या यादीत ई. सी. जॉइस असं नाव आहे आणि आयर्लंडच्या यादीत डी. आय. जॉइस. एड आणि डॉमिनिक, सख्खे भाऊ. दोघांचाही तो पहिलाच एकदिवसीय सामना. डॉमिनिकला दुसऱ्या दिवशी पंचविसावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. स्टीव्ह हार्मिसननं त्याचा त्रिफळा उडवला, तोही शून्यावर. थोरल्या एडनं इंग्लंडच्या डावात १० धावा केल्या. इंग्लंडनं ३०१ धावा उभारल्या आणि सामना ३८ धावांनी जिंकला.

मी मुंबईच्या मैदानांवर बरीच वर्षं स्कोअरर म्हणून बसले. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान, पावसाळ्यात कांगा लीग. आमच्या कामातला एक साधा नियम आहे. भाऊ-भाऊ एका सामन्यात असले की आद्याक्षरं गाळायची नाहीत, नाहीतर एकाचे चौकार दुसऱ्याच्या खात्यात जातात. त्यामुळे जगभरची गुणपत्रकं वाचताना माझं लक्ष आधी आडनावांकडे जातं. आयर्लंडची पत्रकं मी आवडीनं वाचत आले. तिथे हे सारखं दिसतं. एन. जे. ओब्रायन आणि के. जे. ओब्रायन. जे. एफ. मूनी आणि पी. जे. के. मूनी. त्यांच्या आधी वॉरिंग्सटाउनचे हॅरिसन, त्यांच्याही आधी डब्लिनचे लॅम्बर्ट. मुलींच्या पत्रकात पुन्हा तीच आडनावं.

आपल्याकडेही क्रिकेटची घराणी आहेत. माधव मंत्री आणि त्यांचे भाचे सुनील गावसकर, विजय आणि संजय मांजरेकर, सुभाष आणि बाळू गुप्ते. पण ही घराणी नसती तरी मुंबईचं क्रिकेट काही थांबलं नसतं. शाळा होत्या, जिमखाने होते, गाइल्स आणि हॅरिस ढाल होत्या, बँका आणि कंपन्या नोकऱ्या देत होत्या. आयर्लंडचं तसं नाही. तिथे विसाव्या शतकाचा मोठा काळ या खेळाला देशानं आपलं म्हटलं नाही, आणि तेवढ्या काळात तो घरांनी सांभाळला. मला जॉइस कुटुंबाबद्दल लिहायचं आहे ते त्यासाठी.

ब्रे हे डब्लिनच्या दक्षिणेला, विकलो परगण्याच्या वेशीवरचं समुद्रकाठचं गाव. डब्लिनहून आगगाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं तिथे येते. साहित्याच्या वाचकांना हे गाव दुसऱ्याच जॉइससाठी ठाऊक असेल. जेम्स जॉइसच्या लहानपणी त्याचं बिऱ्हाड काही वर्षं इथल्या मार्टेलो टेरेसमध्ये, अगदी लाटांसमोर होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावाजवळ वुडब्रुक इथे सर स्टॅन्ले कॉक्रन नावाच्या धनिकानं स्वतःचं खासगी क्रिकेट मैदान बांधलं होतं. घराण्याचा व्यवसाय सोडा-लेमोनेडचा, पैसा अमाप. मोठमोठे संघ तो पाहुणे म्हणून बोलवायचा. पुढे त्याचं मन उडालं, क्रिकेट संपलं आणि त्या जागी गोल्फचं मैदान झालं. एका माणसाच्या हौशीवर उभा राहिलेला खेळ त्या हौशीबरोबरच गेला.

त्याच गावात बऱ्याच दशकांनी जॉइस दांपत्याची नऊ मुलं वाढली. नऊ जण म्हणजे बागेत खेळायला बाहेरच्या कुणाची गरजच नाही. एक गोलंदाज, एक फलंदाज, बाकी क्षेत्ररक्षक, आणि दोन जुळ्या धाकट्या मुलींना चेंडू आणायला पाठवायचं, तर त्या बॅट मागणार. या नऊंपैकी पाच जण आयर्लंडकडून खेळले : गस, एड, डॉमिनिक, इझोबेल आणि सिसिलिया. वडिलांना खेळाचं वेड. आई आंतरराष्ट्रीय सामन्यांपर्यंत पोचलेली स्कोअरर. घराचा क्लब डब्लिनचा मेरियन.

या घराला इतकं महत्त्व का, हे कळायला त्याच विकलो परगण्यात शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. रॅथड्रमजवळ ॲव्हनडेल नावाची इस्टेट आहे. तिथला मालक चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल. आयरिश होमरूलचा हा पुढारी आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगला परिचित होता. टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढली, तिच्या नावाचं मूळ त्याच चळवळीत. हा पार्नेल तरुणपणी विकलो संघाचा कर्णधार होता आणि नियमांच्या बाबतीत भलताच कडक. त्याच्या चरित्रात एक प्रसंग येतो. विकलोचा संघ डब्लिनच्या फिनिक्स पार्कात सामना खेळायला गेला. कसल्याशा नियमावरून दोन कर्णधारांत वाद झाला. संघातले बाकीचे म्हणत होते, सोडून दे, खेळू या. पार्नेल हटला नाही. आख्खा संघ चेंडूही न टाकता घरी परतला. पुढे ब्रिटिश संसदेत नियमांच्याच आधारे कामकाज अडवून धरणारा पार्नेल या गोष्टीत आधीच दिसतो.

म्हणजे तेव्हा क्रिकेट हा काही फक्त इंग्रजधार्जिण्यांचा खेळ नव्हता. १८७० च्या दशकात आयर्लंडच्या गावोगाव तो खेळला जात होता. जमीनदाराच्या कुरणावर जमीनदाराचा मुलगा आणि त्याची कुळं एकाच संघात असत. कुरण जमीनदाराचं, स्टंप आणि बॅटी त्याच्या, चहाही त्याच्याच घरचा. आणि तिथेच पुढच्या पडझडीचं बी होतं. जमिनीचं आंदोलन पेटलं, कुळं आणि मालक समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा एकाच कुरणावर एकत्र खेळणार कोण? मालक जमिनी विकून गेले, त्यांच्याबरोबर मैदानंही गेली.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. आयर्लंडचे देशी खेळ, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल, पुन्हा उभे करायचे हा तिचा हेतू. पुढाकार मायकेल क्यूसॅकचा. क्लेअर परगण्यातला हा शिक्षक डब्लिनमध्ये स्वतःची शिकवणीची संस्था चालवत होता, आणि संस्थापक होण्यापूर्वी तो स्वतः क्रिकेटचा चाहता होता. दोनच वर्षं आधी त्यानं क्रिकेटची जाहीर भलामण केली होती. हे मी कुणाला कमी लेखायला सांगत नाही. क्यूसॅकनं केलेलं काम प्रचंड आहे. एका दडपलेल्या समाजाला त्यानं रविवारची दुपार, गावाचा संघ आणि अभिमान दिला. आज क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोक हर्लिंगची अंतिम लढत पाहतात, ते त्याचं देणं.

पण त्या संघटनेनं पुढे एक कुंपण घातलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत नियम झाला की जो कुणी रग्बी, सॉकर, हॉकी किंवा क्रिकेट खेळेल त्याला गेलिक खेळांत जागा नाही. खेळणंच नव्हे, पाहायला जाणंही गुन्हा. कोण कुठल्या मैदानावर दिसतो यावर नजर ठेवायला माणसं नेमलेली असत. १९३८ मध्ये तर देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्याला हजर राहिले, म्हणून संघटनेनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. ज्या माणसानं आयरिश भाषा जगवण्यासाठी आयुष्य वेचलं, त्याची ही गत. ही बंदी उठली १९७१ साली.

आता एखाद्या गावातल्या धडधाकट पोराचा विचार करा. हर्लिंग खेळलं तर गाव, चर्च, शाळा, सगळे पाठीशी. क्रिकेट खेळलं तर रविवारचे सवंगडी गेले. असं असताना क्रिकेट खेळायला तोच उरतो ज्याच्या बापाकडे बॅट आहे, ज्याचा काका आधीच अकरांत आहे, ज्याच्या बहिणीला फळ्यावरचे आकडे बदलता येतात. बंदीनं क्रिकेट मेलं नाही. ते घरांत शिरलं आणि घरांतच राहिलं.

मला इथे पुण्याची आठवण येते. पी. बाळू म्हणजे पळवणकर बाळू. चांभार कुटुंबातला मुलगा पूना जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचा. जे. जी. ग्रेगला सराव देता देता तो देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. शिवराम, गणपत, विठ्ठल हे भाऊ मागोमाग आले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना हरवलं तेव्हा बाळू आणि शिवराम दोघं संघात होते. विठ्ठल १९२३ मध्ये त्याच हिंदू संघाचा कर्णधार झाला. चहा वेगळ्या भांड्यात मिळणाऱ्या घरातून चार भाऊ निघाले. दोन्ही देशांवर राज्य एकच, आणलेला खेळ एकच. आपण तो साहेबाकडून हिसकावून घेतला, आयर्लंडनं तो साहेबाच्या अंगावर परत फेकला. दोन्हींत स्वाभिमानच होता. मात्र जिथे समाजाचं दार बंद असतं, तिथे भावाला भाऊच सराव देतो, हे पुण्यातही खरं आणि ब्रेमध्येही.

क्रिकेट हा आयर्लंडमध्ये फक्त बड्या लोकांचा खेळ उरला होता, असंही समजू नये. डब्लिनच्या उत्तरेला फिंगल नावाचा सपाट, सुपीक पट्टा आहे. रश, स्केरीज, बालब्रिगन. भाजीपाला पिकवून शहरात पाठवणारी ही गावं. इथे शेतकऱ्यांच्या घरांनी क्रिकेट सोडलंच नाही. मूनी बंधू बालब्रिगनचे. ओइन मॉर्गन रशचा, त्याचीही भावंडं खेळणारी. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषक उचलणारा इंग्लंडचा कर्णधार असा फिंगलच्या भाजीच्या मळ्यांतून आला. उत्तरेत आणखी निराळं चित्र. टायरोन परगण्यातलं सायन मिल्स हे हर्डमन घराण्याच्या लिननच्या कापडगिरणीभोवती वसलेलं गाव. २ जुलै १९६९ रोजी तिथे वेस्ट इंडिजचा संघ आला आणि ओल्या खेळपट्टीवर २५ धावांत बाद झाला. एका क्षणी फलकावर ९ बाद १२ होते. डगी गुडविन ५ बळी ६ धावांत, ॲलेक ओरायर्डन ४ बळी १८ धावांत. बेसिल बुचर, क्लाइव्ह लॉइड, संघाचे व्यवस्थापक क्लाइड वॉलकॉट हे सगळे त्या अकरांत होते. पुढची तीसेक वर्षं आयरिश क्रिकेट म्हणजे जगाला ही एवढी एकच गोष्ट ठाऊक होती. त्या दिवशीच्या आयरिश अकरांत एक हॅरिसनही होता, वॉरिंग्सटाउनच्या भावांतला जिम.

परत ब्रेकडे येते. या घराबद्दल लिहिणारे बहुतेक एडपासून सुरू करतात आणि त्याच्यापाशी संपवतात. तो मोठा फलंदाज होता यात शंका नाही. डावखुरा, चेंडूला उशिरापर्यंत येऊ देणारा, मनगटानं बाजूला सारणारा. प्रथम श्रेणीत १८,००० हून अधिक धावा. पण जॉइसांच्या घरातला पहिला कसोटीपटू एड नाही. ती त्याची धाकटी बहीण इझोबेल.

३० जुलै २०००. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं कॉलेज पार्क मैदान. शहराच्या ऐन मध्यावर, दगडी इमारतींच्या आड. आयर्लंडच्या महिला आपला पहिला कसोटी सामना खेळत होत्या, पाकिस्तानविरुद्ध. इझोबेलला सतरा वर्षं पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. पाकिस्तान पहिल्या डावात ५३ धावांत गुंडाळला गेला. आयर्लंडनं ३ बाद १९३ वर डाव सोडला. कॅट्रिओना बेग्ज आणि कॅरन यंग दोघींची अर्धशतकं. दुसऱ्या डावात डावखुऱ्या इझोबेलनं २१ धावांत ६ बळी घेतले, पाकिस्तान ८६ धावांत आटोपला. एक डाव आणि ५४ धावांनी विजय. सामना ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी, दोन दिवसांत संपला.

५३, ८६, ३ बाद १९३. मी असे आकडे पाहते तेव्हा मला वहीचं पान दिसतं. गोलंदाजाच्या ओळीतल्या चौकटी. प्रत्येक चौकटीत सहा टिंबं. टिंबं तशीच राहिली तर ती जोडून इंग्रजी एम काढायचा, म्हणजे निर्धाव षटक. बळी पडला तर टिंबाऐवजी डब्ल्यू. कमी धावसंख्येच्या सामन्यात पान टिंबांनी भरून जातं आणि अधूनमधून डब्ल्यू उगवतात. दर षटकानंतर शेजारच्या स्कोअररला आकडा विचारायचा, जुळला की पुढे. पंचांनी हात वर केला की आपला हात वर करून पावती द्यायची. मान खाली, मान वर, दिवसभर. टाळी वाजवायला हात मोकळा नसतो. माझा भाचा खेळत असताना मी वही धरलेली आहे. त्याचा झेल हवेत असताना पेन्सिल थरथरू न देणं सोपं नसतं. म्हणून ज्या घराची आई स्कोअरर, त्या घरातल्या मुलांना खेळ कसा कळला असेल याचा मला अंदाज येतो. तिथे जेवणाच्या टेबलावर शेखी मिरवता येत नाही. किती चेंडूंत किती, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं.

सिसिलिया, जुळी बहीण, पुढच्या वर्षी संघात आली. उजव्या हातानं फलंदाजी आणि फिरकी. इझोबेल पुढे कर्णधार झाली. २०१६ च्या मार्चमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी आयर्लंडचा महिला संघ भारतात आला तेव्हा नेतृत्व इझोबेलकडे होतं आणि सिसिलियाही सोबत होती. तोवर या बायका नोकऱ्या सांभाळून, सुट्या टाकून खेळत होत्या. आपल्याकडच्या शांता रंगास्वामी आणि डायना एडलजींच्या पिढीनं जे सोसलं, तेच तिथे पुढची तीस-चाळीस वर्षं चाललं. त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही, याचा मला राग येतो.

पुरुषांची अडचण वेगळी होती. आयर्लंडला कसोटीचा दर्जा नव्हता. ज्याला वरच्या पायरीचं क्रिकेट हवं, त्याला समुद्र ओलांडावा लागे. एड ट्रिनिटीत शिकला, मिडलसेक्सकडून काउंटी खेळला आणि निवासाची अट पूर्ण करून इंग्लंडचा झाला. २००६ च्या हिवाळ्यात ॲशेससाठी ट्रेस्कोथिकच्या जागी त्याला ऑस्ट्रेलियाला बोलावलं, पण कसोटी एकही मिळाली नाही. २ फेब्रुवारी २००७ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं १०७ धावा केल्या आणि इंग्लंड जिंकलं. मग आला वेस्ट इंडिजमधला विश्वचषक. आयर्लंडचा तो पहिलाच. सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, १७ मार्चला, जमैकाच्या सबिना पार्कवर त्यांनी पाकिस्तानला १३२ धावांत रोखून हरवलं. नील ओब्रायनच्या ७२ धावा. एड त्या वेळी त्याच स्पर्धेत होता, पण दुसऱ्या रंगाच्या जर्सीत.

३० मार्चला गयानात दोन्ही देश समोरासमोर आले. एडसमोर बॉइड रँकिन, सहा फुटांहून कितीतरी उंच, उत्तर आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. एडनं चेंडू सोडून दिला आणि तो यष्टींवर आदळला. जॉइस त्रिफळा रँकिन १. आपल्या माणसाच्या चेंडूवर आपला माणूस, पण कागदावर दोन देश. पुढे हाच रँकिन इंग्लंडकडून कसोटी खेळला आणि परत आयर्लंडला आला. या ये-जा करणाऱ्यांना पळपुटे म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. घरानं मुलाला खेळ शिकवला, पण त्याला पुरेल एवढं मैदान देशाकडे नव्हतं.

चार वर्षांनी एड परतला. आंतरराष्ट्रीय परिषदेनं खास सवलत देऊन त्याला २०११ च्या विश्वचषकासाठी आयर्लंडकडून खेळू दिलं. २ मार्च, बंगळुरू, चिन्नास्वामी मैदान. हे पत्रक मी कितीदा वाचलं असेल. इंग्लंड ८ बाद ३२७. ट्रॉट ९२, बेल ८१, पीटरसन ५९. जॉन मूनीचे ४ बळी. आयर्लंडच्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर कर्णधार पोर्टरफिल्ड बाद. एड ३२, नील ओब्रायन २९, आणि मग स्वाननं १०३, १०६, १११ अशा टप्प्यांवर तीन गडी टिपले. ५ बाद १११.

तिथून नीलचा धाकटा भाऊ केव्हिन. कर्करोगाच्या मदतनिधीसाठी केस गुलाबी रंगवलेले. सत्ताविसावा वाढदिवस दोन दिवसांवर. या घराचीही पार्श्वभूमी सांगायला हवी. वडील ब्रेंडन ओब्रायन ५२ वेळा आयर्लंडकडून खेळलेले, मुलं डब्लिनच्या सँडिमाउंट भागात रेल्वे युनियन क्लबच्या हिरवळीवर वाढलेली. मोठ्या भावांच्या माऱ्यासमोर धाकट्यानं बॅट फिरवायला शिकणं म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी बंगळुरूनं पाहिलं. ५० चेंडूंत शतक, तोवरचं विश्वचषकातलं सर्वांत वेगवान. हेडनचा ६६ चेंडूंचा विक्रम त्यानं मोडला. ६३ चेंडूंत ११३, १३ चौकार, ६ षटकार. दुसऱ्या बाजूला ॲलेक्स क्यूसॅक, ४७. दोघांची भागी १६२ धावांची. आडनावाचा योगायोग पाहा, क्यूसॅक! केव्हिन धावबाद झाला तेव्हा ११ धावा बाकी होत्या. अखेरच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर जॉन मूनीनं अँडरसनला चौकार मारला. ७ बाद ३२९, पाच चेंडू शिल्लक. जॉइस, दोन ओब्रायन, मूनी. मी वही भरत असते तर त्या पानावर मला फक्त घरंच दिसली असती. समोर इंग्लंड होतं हे खरं, पण तो विजय मला सूड वाटत नाही. इतकी वर्षं बागेत, शेतामागच्या पट्ट्यावर जे चाललं होतं ते जगाला दिसलं, एवढंच.

२०१७ च्या जूनमध्ये आयर्लंडला कसोटीचा दर्जा मिळाला. पहिली कसोटी ११ मे २०१८ पासून, डब्लिनजवळच्या मॅलाहाइडला, पुन्हा पाकिस्तानशी. कायमचं प्रेक्षागृह नाही, म्हणून तात्पुरते मंच उभारले. पहिला दिवस पावसात वाहून गेला. एड सलामीला आला, वय ३९. पहिल्या डावात ४, संघ १३० वर बाद, फॉलोऑन. दुसऱ्या डावात तो ४३ वर धावबाद झाला. केव्हिननं पहिल्या डावात ४० केल्या होत्या, दुसऱ्यात ११८ : आयरिश पुरुषांचं पहिलं कसोटी शतक. पाचव्या दिवशी खेळलेल्या पहिल्याच चेंडूला तो स्लिपमध्ये झेल देऊन परतला. आयर्लंड ३३९, पाकिस्ताननं १६० चं लक्ष्य पाच गडी गमावून गाठलं. काही दिवसांतच एडनं खेळणं थांबवलं. एका कसोटीची कारकीर्द. त्याच्या धाकट्या बहिणीनं अठरा वर्षं आधी डब्लिनमध्येच, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध कसोटी जिंकून ठेवली होती, हे त्या आठवड्यात फार थोड्या वार्ताहरांनी लिहिलं.

२०१९ मध्ये एड आयर्लंडच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या हाती आलेली यादी पाहिली तर गॅबी लुईस दिसते. तिचे वडील ॲलन लुईस आयर्लंडचे कर्णधार होते आणि पुढे रग्बीचे नामांकित पंच झाले, बहीण रॉबिनही आयर्लंडकडून खेळली. गॅबी स्वतः तेराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरली. किम गार्थचे आई-वडील दोघंही आयर्लंडचे खेळाडू. ती मात्र २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाला गेली आणि आज ऑस्ट्रेलियाकडून खेळते, म्हणजे एडनं केलेला प्रवास तिनं आणखी लांबचा केला. पुरुषांच्या संघात टेक्टर भाऊ, अडेअर भाऊ. २०२२ मध्ये आयर्लंडनं काही महिलांना पहिल्यांदा पूर्णवेळ करार दिले. पगार, सराव, वैद्यकीय सोय. जॉइस बहिणींना यातलं काहीच मिळालं नव्हतं. पुरुषांनी १ मार्च २०२४ रोजी अबू धाबीत अफगाणिस्तानला हरवून पहिली कसोटी जिंकली. आता तिथल्या मंडळाचं काम आहे ते ज्या मुलीच्या घरात कुणीच कधी बॅट धरली नाही, तिच्यापर्यंत पोचण्याचं. ती आली, टिकली, आणि गुणपत्रकात तिच्या आडनावापुढे आद्याक्षर लिहायची गरजच पडली नाही, तर मला फार बरं वाटेल.